दुपारचा उद्योग : भाऊबीजेचे कार्ड, जुन्या ठशांचे



नवरात्राचे घट उठले की आपल्या घरोघरी दिवाळीची यादी सुरू होते. अनारशांचे तांदूळ भिजत घालायचे, चकलीची भाजणी दळून आणायची, माळ्यावरची भांडी खाली काढायची, मुलांचे कपडे शिवायला टाकायचे. या यादीत एके काळी आणखी एक ओळ हमखास असायची : 'कार्डे आणणे'. दुकानाबाहेर दोरीला टांगलेल्या कार्डांतून सासरची, माहेरची आणि ह्यांच्या ऑफिसातली अशी वेगवेगळी निवडायची, नि रात्री मुले झोपल्यावर पत्ते लिहीत बसायचे. ती ओळ आता बहुतेक घरांतून गेली. पहाटेपासून मोबाइलवर पणत्या यायला लागतात. एकच पणती सतरा जणींकडून येते, आणि आपणही तीच अठराव्या मैत्रिणीकडे सरकवून देतो. त्यात वाईट काही नाही हो! पण दिवाळी सरल्यावर त्यातली एक तरी आपण ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवतो का?

हा विषय आज घेण्याचे कारण म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावाहून आलेले एक पत्र. लिहिणाऱ्या भगिनीचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर घर आणि धानाचे शेत भावाकडे राहिले, आणि आईने एक पत्र्याची पेटी हिच्या हाती दिली. पेटीत वडिलांचे रबरी शिक्के : पोपट, गाय, आंबा, भारताचा नकाशा, आकडे फिरवायचा तारखेचा शिक्का आणि एक 'शाबास'. सोबत वाळून कोळ झालेले एक पॅड. दोन वर्षांपूर्वी भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली. ही म्हणाली, "विचार करून सांगते." तेव्हापासून बोलणे बंद आहे. आता ती विचारते, "ताई, रबर कडक झालं आहे, शाई धरत नाही. ते पुन्हा चालतं करता येईल का? आणि झालंच, तर त्याचंच कार्ड करून भाऊबीजेला दादाला पाठवावं असं मनात येतं. पाठवू का?"

आधी रबराचे पाहू. त्याचे उत्तर मला जास्त खात्रीने देता येते.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठर होते. गंधक घालून ते तापवले की चिवट आणि लवचिक राहते, ही युक्ती अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरची. तिचे पेटंट त्याने १८४४ साली घेतले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथे रबरी शिक्के निघू लागले. आपल्याकडेही तहसील कचेरीजवळ, कोर्टाच्या आवाराशेजारी शिक्के करून देणारे बसत. शिशाची अक्षरे जुळवायची, त्यांचा साचा घ्यायचा आणि त्यात रबर दाबून तापवायचे, अशी त्यांची रीत. हल्ली अक्षरे संगणकावर जुळतात आणि शिक्काही बहुधा निराळ्याच पदार्थाचा असतो, ज्यात शाई आतच भरलेली असते. काम झटपट होते खरे, पण पत्र्याच्या डबीतल्या पॅडवर शिक्का टेकवून 'टक्' असा आवाज काढण्यातली गंमत त्यात नाही.

खरे रबर हवेने, उजेडाने आणि उष्णतेने म्हातारे होते. तुमच्या शिक्क्याचे काय झाले आहे, ते नखाने पाहा. नख दाबल्यावर खळगा पडून पुन्हा भरून आला, तर रबर जिवंत आहे, फक्त वरची साय कडक झाली आहे. असा शिक्का कोमट पाण्यात अंगाचा साबण करून जुन्या दात घासायच्या ब्रशने हलक्या हाताने घासावा. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नये, ती फुगते. शिक्का सावलीत वाळवावा. मग सगळ्यात बारीक पॉलिश कागद टेबलावर सपाट पसरावा आणि त्यावर शिक्का पालथा ठेवून गोल गोल चार-पाच वेळाच फिरवावा. जोर मुळीच द्यायचा नाही. चकाकी जाऊन रबर मिणमिणीत दिसू लागले की थांबावे. आता शाई धरेल.

रबराला बारीक चिरा गेल्या असतील तर पॉलिश कागद लावू नका, नक्षीच गळून पडेल. ते हाताला चिकट लागत असेल, तर वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरून कागदात गुंडाळून ठेवा. चिकटलेले रबर पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. आणि एक अगदी बजावून सांगते : शाईचा थर काढायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका. डाग जातो, पण रबर फुगते आणि पोपटाची चोच गालात जाते! रबर मुठीपासून सुटले असेल तर सायकलच्या पंक्चरवाल्याकडचे सोल्यूशन उत्तम. दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबा, मग एकदाच नीट धरून दाबा.

शिक्का अगदीच गेला असेल तरी आतले चित्र वाचवता येते, आणि ही युक्ती मला सगळ्यात आवडते. चिरा गेलेल्या शिक्क्याला भरपूर शाई लावून गुळगुळीत पातळ कागदावर एक ठसा घ्या. शाई ओली आहे तोवर तो कागद मोठ्या पांढऱ्या खोडरबरावर पालथा ठेवा नि चमच्याच्या पाठीने घोटा. खोडरबरावर चित्र उलटे उमटेल, आणि आपल्याला ते उलटेच हवे असते! त्या रेघांबाहेरचे खोडरबर कोरून काढले की वडिलांचाच पोपट नव्याने तयार. पहिले एक-दोन तिरपे झाले तर होऊ द्या.

कोरायला पेन्सिल कटरमधले छोटे पाते काड्यापेटीच्या काडीला दोऱ्याने घट्ट बांधले तरी पुरते. मुले शाळेत असताना हे काम करा. पाते सरळ खाली घालू नका. रेघेपासून बाहेरच्या बाजूला उतरते कापा. डोंगराला पायथा रुंद असतो तसा प्रत्येक रेघेला पायथा राहिला पाहिजे. रेघेच्या खाली आतून पोखरले की दहाव्या ठशालाच ती रेघ मोडते. ठिपक्यांसाठी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचे टोक कापून ती नळी रबरात दाबून फिरवा, गोल खड्डा पडतो.

पेटी वारशात मिळालेली नाही, म्हणून बाकीच्या जणींनी हिरमुसायचे कारण नाही. घरात एक तुटका हवाई चप्पल सापडणार नाही, असे घर दाखवा! त्याचा तळवा म्हणजे आयता ठसा. तो धारदार कात्रीने कापता येतो. सायकलची फाटकी ट्यूबही चालते. तिचे तुकडे आकाराप्रमाणे कापून लाकडी ठोकळ्यावर त्याच सोल्यूशनने चिकटवायचे. सुरुवात त्रिकोणाने करावी असे मी सुचवीन. आपल्या विदर्भातल्या करवतकाठी साडीचा काठ आठवा. करवतीच्या दात्यांसारखे एकापुढे एक त्रिकोण. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचे माग आहेत, त्या भागातल्या वाचकांना तर हा काठ सांगायला नकोच. एका सेंटिमीटरचा एकच त्रिकोण कापा आणि कार्डाच्या कडेने पट्टी धरून उमटवत जा. खालची ओळ तांबडी, वरची उलटी ओळ पिवळी. पाहणाऱ्याला वाटते, केवढी मेहनत केली आहे! प्रत्यक्षात एका कार्डाला पाच मिनिटे लागतात. हाच त्रिकोण चार वेळा फिरवला की फूल होते, खाली अर्धगोल दिला की पणती. धानाची लोंबी हवी असेल तर तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा एक तुकडा पुरतो. मधे एक दांडी हाताने ओढायची आणि दोन्ही अंगांनी दाणे उमटवायचे. पोळ्याला, तान्ह्या पोळ्याला पुतण्यांना चिठ्ठी पाठवायची तर चाकांवरचा लाकडी बैल कापून पाहा. मुलांना तो इतका आवडतो की मग ठसा आपल्या हाती राहत नाही.

भेंडीचा देठाकडचा तुकडा, अर्धा बटाटा हे तर लहानपणी सगळ्यांनीच केले आहे. ते एका दुपारपुरते. संध्याकाळी त्याची भाजी सुद्धा होत नाही, म्हणून मला तो प्रकार फारसा पसंत नाही.

अक्षरांचे मात्र जरा जपून. 'शुभ' असे मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर ठळक लिहा, कागद खोडरबरावर पालथा घालून घोटा. अक्षर उलटे उतरले पाहिजे. ते आरशात धरून वाचून मगच पाते हाती घ्या. आपल्या मराठी अक्षरांना वरची रेघ असते हा मोठा आधार आहे. सगळी अक्षरे तिला लटकलेली राहतात, सुटी पडत नाहीत. तुटतात ते उकार, वेलांट्या आणि अनुस्वार. म्हणून पहिल्या खेपेला 'शुभ' एवढेच कोरा, 'दीपावली' हाताने लिहा. उलटे अक्षर कोरणे हे काम किती नाजूक आहे ते करताना कळते. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या टायपांच्या वळणाचे आजही नाव निघते. ती अक्षरे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिरांनी पोलादाच्या टोकावर अशीच उलटी कोरली होती. आपल्याजवळ खोडरबर आहे हे आपले नशीब!

आता शाई. पॅडची शाई म्हणजे रंग, पाणी आणि ग्लिसरीनसारखा ओल धरणारा पदार्थ. पॅड लवकर वाळू नये म्हणून तो घातलेला असतो. त्यामुळेच चकचकीत कागदावर ही शाई तासन् तास वाळत नाही आणि हाताला लागते. तेव्हा कागद बिनचकाकीचा घ्या. शाळेचा जाड ड्रॉइंग पेपर सगळ्यात सोयीचा. हातकागद फार देखणा असतो (पुण्याला शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची), पण त्यावर शाई पसरते. म्हणून त्याच्या आधी पाठीमागे एक ठसा उमटवून पाहावा. वाळलेल्या पॅडला पाणी घालू नका, पॅडचीच शाई थेंब थेंब घाला आणि रात्रभर पालथे ठेवा. जांभळी शाई उन्हाने उडते आणि पाणी लागले की पसरते, हेही लक्षात असू द्या. रंगीत ठसे हवे असतील तर डब्याच्या झाकणात ओला करून पिळलेला स्पंजाचा तुकडा ठेवून त्यावर पोस्टर कलर पसरा. कपड्यांवर रंगवायचे रंग अधिक टिकाऊ, पण ते ठशाच्या खाचांत वाळले की निघत नाहीत. ठसे उमटवून झाले की आधी ठसा धुवायचा, मग चहा ठेवायचा, असा क्रम ठेवा.

ठसा उमटवताना कार्डाखाली जुन्या वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या हव्यात. शिक्का पॅडवर हलकेच दोन-तीनदा टेकवायचा, घासायचा नाही. कागदावर सरळ ठेवून वरून सारखा भार द्यायचा आणि सरळ उचलायचा. डुलवला की कडा डबल येतात. मुलांना मदत करायचीच असेल तर त्यांच्या बोटांचे ठसे घ्या. पाच बोटे गोलाकार टेकवली की फूल तयार. अंगठा इथे हौसेने उमटवावा. कागदपत्रावर मात्र वाचल्याशिवाय नको.

आणि त्यावरूनच करडीच्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

ताई, कार्ड जरूर पाठवा. पण कार्ड आणि सही या दोन गोष्टी एका पाकिटात घालू नका. महाराष्ट्राने १९९४ साली आणि नंतर २००५ साली संपूर्ण देशात कायद्यात दुरुस्ती होऊन हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तो सोडायचा की नाही हे तुमचे तुम्ही, शांतपणे, जाणत्या वकिलाला विचारून ठरवायचे आहे. भाऊबीजेच्या भरात नाही आणि भीतीपोटीही नाही. तुम्ही विचार करायला वेळ मागितला, त्यात गुन्हा काही केला नाही. मात्र म्हणूनच कार्डावर त्या विषयाचा एक शब्दही नको. 'मी काही मागितलं नव्हतं' असे नको, 'माझं चुकलं असेल तर' असेही नको. पहिल्याने भांडण पुन्हा उकरले जाते, आणि दुसऱ्याने तुम्ही आधीच अर्धी सही करून मोकळ्या होता.

लिहायचे ते थोडके. 'चि.' लिहायचे की 'ती.' ते तुमच्या नात्याप्रमाणे, पण नाव एकट्या दादाचे नको. आत 'दादा आणि वहिनी' असे असू द्या, आणि पाकिटावरही दोघांची नावे. कितीतरी घरांत पत्र आधी वहिनीच्या हाती पडते. आपले नाव नाही असे पत्र ती नवऱ्याच्या हातात कोणत्या मनाने देईल? तुमच्या-आमच्या हाती नणंदेचे पत्र आल्यावर आपण काय करतो, ते आठवून पाहा म्हणजे झाले.

कार्डावर पोपट उमटवा. बाबांच्या पेटीतला पोपट दादाने तुमच्या आधी ओळखलेला असेल. त्याच्याही वहीवर तो उमटला असणार. खाली दोनच ओळी : बाबांचे शिक्के घासून पुसून पुन्हा चालू केले, हा पहिला ठसा तुम्हा दोघांना. एवढे पुरे. 'शाबास'चा शिक्का तुम्हाला फार प्रिय असेल, तरी तो दादाच्या कार्डावर मारू नका. चांगल्या दिवसांत ती गंमत झाली असती, आजच्या दिवसांत तो टोमणा वाटेल. भाचरांसाठी वेगळी छोटी चिठ्ठी करा आणि 'शाबास' तिच्यावर उमटवा. आजोबांची शाबासकी नातवंडांना मिळाली, तर तिच्यावर कोणाला रागावता येत नाही. तारखेचा शिक्का फिरत असेल तर मागच्या बाजूला भाऊबीजेची तारीख मारा. कोणी उचलून ठेवले तर पुढे कळेल, कोणत्या सालचे ते.

उत्तर येईल का? ते मी कसे सांगू? कदाचित नुसता मोबाइलवर हात जोडल्याचा शिक्का येईल, कदाचित तोही नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन हातात घेऊन बसू नका. पुढच्या वर्षीही पाठवायचे, असे आत्ताच ठरवले तर यंदाच्या उत्तराची धास्ती कमी होते. ज्यांच्या घरी असे काही बिनसलेले नाही, त्यांनीही यंदा निदान एकाला तरी हाताचे कार्ड पाठवावे. शक्यतो ज्यांना मोबाइलवर बोटे चालवता येत नाहीत, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना. आत्याबाईंना, चुलतसासूबाईंना. त्या ते आल्यागेल्याला दाखवतील.

आता शेवटचे थोडे पोस्टाचे. कार्ड दोन दिवस सावलीत, एकावर एक न ठेवता वाळवा. घडीच्या आत पातळ कागद घाला, म्हणजे ठशाची सावली समोरच्या पानावर पडणार नाही. करवतकाठी साडीच्या काठाचा जुना तुकडा चिकटवायचा असेल तर खळ पातळ लावा आणि वजनाचा विचार करा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. जाड कार्ड, पाकीट आणि काठ मिळून तो ओलांडला जातो, आणि तिकीट कमी पडले तर भुर्दंड घेणाऱ्याला! रुसलेल्या भावाला तर असे पाकीट मुळीच जायला नको. म्हणून पोस्टात वजन करूनच तिकीट लावा. पिनकोड पुरा लिहा. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे पंडित. भंडारा जिल्ह्यातले बरेच पिनकोड ४४१ ने सुरू होतात, पण शेवटचे तीन आकडे पोस्टापोस्टाचे निराळे असतात, ते अंदाजाने लिहू नका. दिवाळीच्या गर्दीत पाकीट पडून राहते, तेव्हा भाऊबीजेच्या निदान दहा दिवस आधी पेटीत टाका.

ठसे धुऊन, पुसून, रबर वर येईल असे ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर नको. खोडरबराचे ठसे प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवू नका बरं का! पांढरे खोडरबर प्लॅस्टिकला चिकटून बसते नि दोन्ही खराब होतात. प्रत्येक ठसा कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. डब्याच्या झाकणावर आतल्या प्रत्येक ठशाचा एकेक नमुना उमटवून ठेवलात, तर संक्रांतीला तिळगुळाच्या पुड्यांवर उमटवायला पतंग शोधताना सगळा डबा उपसावा लागणार नाही.